टोपीवर घेतलेलं पांढरं

संपत औटीला दोन गोष्टींचा फार गर्व होता. एक त्याच्या खांद्यावरचा कॅमेरा, आणि दुसरी म्हणजे तो कॅमेरा चालवायची अक्कल जुन्नर-आंबेगावात आपल्याशिवाय कुणाला नाही ही खात्री. तसे कॅमेरे चार-पाच जणांकडे होते. लग्नसराईत ते सगळेच खांद्यावर टॉवेलची घडी ठेवून मांडवातून फिरत. पण संपत त्यांना शूटिंगवाले मानायलाच तयार नव्हता. "बटन काय, माकडबी दाबतंय," असं तो जुन्नरच्या पेठेतल्या आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

त्याची सगळी अक्कल पांढऱ्यात होती. पुण्याला एका स्टुडिओत त्याने सहा महिने पडेल ते काम केलं होतं, तिथून तो ही विद्या घेऊन आला. माणसाचा डोळा समजूतदार असतो. उन्हात, ट्यूबखाली, बल्बखाली, कुठेही बघा, पांढरं धोतर त्याला पांढरंच दिसतं. कॅमेरा मात्र मठ्ठ. ट्यूबखाली त्याला सगळं हिरवट दिसतं, बल्बखाली तांबूस, आणि लाल कापडाखाली तर विचारूच नका. म्हणून उजेड बदलला की दर वेळी त्याच्यापुढे एक पांढरी वस्तू धरायची, बटण दाबायचं आणि त्याला समजावायचं की बाबा रे, या उजेडातलं पांढरं म्हणजे हे. मग उरलेले सगळे रंग तो त्या मापाने लावून घेतो. याला संपत 'पांढरं घेणं' म्हणायचा. बाकीचे सकाळी एकदा पांढरं घेत आणि त्यावर दिवस ढकलत. संपत ओट्यावर वेगळं घेई, मांडवात वेगळं, देवघरातल्या बल्बखाली वेगळं. त्याच्या कॅसेटमध्ये शालू जांभळा असला तर जांभळाच दिसे. लोक त्याला रंगाचा माणूस म्हणत, आणि ते ऐकायला त्याला फार आवडे.

पांढरं घेण्यासाठी त्याच्याकडे पुण्याहून आणलेला एक पुठ्ठा होता. पहिली दोन वर्षं तो कापडात गुंडाळून त्याने दर लग्नाला नेला. मग नाव झालं, आणि नाव झालं की माणसाला शोभा सुचते. एका लग्नात पुठ्ठा घरी राहिला, तेव्हा त्याने वरबापाला वाकायला सांगून त्याच्या टोपीवर पांढरं घेतलं. मांडवभर हशा पिकला. तेव्हापासून हा त्याचा खेळच झाला. मांडवात शिरायचं, मानाचा माणूस हेरायचा, "जरा टोपी द्या इकडं, पावणं," म्हणून त्याचं डोकं वाकवायचं आणि बटण दाबायचं. ज्याची टोपी निवडली त्याला वाटे आपला मान झाला. पुठ्ठा कपाटात धूळ खात पडला.

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात आणे गावी लग्न होतं. नवरा संपतच्या गावचा, राजुरीचा, त्याच्याच भावकीतला खंडू. घर बागायती, दावणीला आठ जर्सी गाई. नवरी आण्याच्या हौशीरामची मुलगी, भागू. आणे म्हणजे पठार. मे महिन्यात तिथे प्यायला टँकर येतो आणि त्याच्यामागे निम्मं गाव हंडे घेऊन पळतं. अशा गावातली पोर पाण्याच्या गावात पडते म्हटल्यावर हौशीरामने जमेल ते सगळं केलं होतं. शूटिंगही केलं, कारण खंडूच्या आईने, प्रयागबाईने, ते बैठकीतच घालून दिलं होतं. शूटिंगवाला आमच्या भावकीतलाच घ्यायचा, हेही तिनेच सांगितलं होतं.

संपतला पोचायला उशीर झाला. मुहूर्ताला पाऊण तास, मांडव लाल-पिवळ्या कापडाचा, वर ऊन. तो शिरला आणि समोर हौशीराम. नवं धोतर, नवा सदरा, डोक्याला कडक इस्त्रीची टोपी. संपतने सवयीने त्याला वाकवलं, टोपी भिंगात भरून घेतली, बटण दाबलं. लोक हसले. हौशीराम लाजला, पण खूश झाला.

एक गोष्ट संपतला ठाऊक असायला हवी होती, आणि ती ठाऊक नसायला तो काही मुंबईत जन्मला नव्हता. पठारावरच्या टँकरच्या पाण्यात माती असते. त्यात धुतलेले पांढरे कपडे तांबूस पडतात. म्हणून तिथल्या बायका नीळ घालताना हात आखडत नाहीत. त्यात घरचं पहिलं लग्न. हौशीरामच्या बायकोने त्या टोपीला अशी नीळ दिली होती की उन्हात बघितली असती तर पोरानेही सांगितलं असतं. पण लाल-पिवळ्या कापडाखाली ती निळाई डोळ्याला कळेना, आणि कॅमेऱ्याच्या त्या इवल्या काचेत चित्र काळं-पांढरंच दिसायचं. रंग कळायचे ते घरी टीव्हीला जोडल्यावर. संपतच्या कॅमेऱ्याने निळ्यालाच पांढरं मानलं, आणि उशिराच्या गडबडीत पुन्हा पांढरं घेणं राहून गेल्याने दिवसभर इमानाने त्या मापाने रंग लावत बसला.

दुसऱ्या दिवशी दुकानात टीव्ही लावला आणि संपत खुर्चीवरून उठून उभा राहिला. सगळं लग्न पिवळं होतं. भात पिवळा, बैल पिवळे, भटजींचं उपरणं पिवळं. माणसांच्या डोळ्यांतलं पांढरं पिवळं, दात पिवळे. सबंध मांडवात शुभ्र अशी एकच वस्तू, हौशीरामची टोपी. ती बघून त्याला लगेच उमगलं काय झालंय ते. कपाळावर हात मारून घेतला आणि बायकोवर उगाच खेकसला.

पुन्हा लग्न लावता येत नाही. पुण्याला नेऊन रंग थोडाफार सुधारता आला असता, पण मग तिथे कुणीतरी विचारलं असतं की एवढं कसं चुकलं, आणि ते संपतच्या नाकाला झोंबलं असतं. त्याने मनाशी ठरवलं की लग्न आहे, हळद असायचीच. वर गाणी चढवली, नावं घातली आणि दोन्ही घरी एकेक कॅसेट दिली. कुणी चकार शब्द काढला नाही. उलट हौशीराम म्हणाला, "पोर सोन्यावाणी दिसती की वो." संपतने मान डोलावली. कपाटातला पुठ्ठा काढून पिशवीत ठेवला. त्यानंतर त्याने कुणाचीही टोपी वाकवली नाही, आणि का, हे कुणालाही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी श्रावणात राजुरीत कावीळ आली. विहिरीचं पाणी बिघडलं असेल, आणखी काही असेल, दहा-बारा जणं पडली. त्यात भागूही पडली. प्रयागबाईने तिला विश्रांतीला म्हणून आण्याला पाठवलं. दीड महिन्यात पोर खडखडीत बरी झाली. पण तिला न्यायला कोणी येईना. दसरा गेला, दिवाळी गेली. हौशीरामने दोन निरोप धाडले, मग स्वतः जाऊन आला. तेव्हा त्याला दारातच कळलं की मुलगी लग्नाआधीपासून आजारी होती, तुम्ही ती आमच्या गळ्यात मारली, आणि याचा पुरावा घरात आहे. पुरावा म्हणजे संपतची कॅसेट.

संक्रांत झाल्यावर राजुरीला खंडूच्या ओसरीवर बैठक बसली. हौशीराम आदल्या दिवशी संपतच्या दुकानी आला होता. पायरीवर बसला, पाणीसुद्धा घेतलं नाही. "तुमी फकस्त येवढं सांगा की पोर तवा चांगली व्हती," तो म्हणाला. "कॅसेट तुमची हाय. तुमचा शबूद त्यांना ऐकावा लागंल. एवढं झालं तर पोर नांदायला जाईल माझी."

"सांगतो की," संपत म्हणाला. आणि तेव्हा त्याच्या मनातही तेच होतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

बैठकीला दोन्हीकडचे मिळून वीसेक लोक. टीव्ही ओसरीवर आणून मांडला होता. प्रयागबाई आतल्या उंबऱ्यापाशी पदर खोचून बसली होती. खंडू खाली मान घालून नखं कुरतडत होता. कुणीतरी कॅसेट पुढे पळवली आणि नवरीच्या तोंडावर आणून थांबवली. थरथरत्या चित्रात भागूचे डोळे दिसत होते. हळदीसारखे पिवळे.

"आता काय सांगायचं ऱ्हायलंय?" खंडूचा चुलता म्हणाला. "कावीळ अंगात मुरलेली व्हती. पार डोळ्यात उतरलीया."

"संपत हाय ना हितं," हौशीराम म्हणाला. "त्याला इचारा. त्यानं काढलंय."

सगळ्यांच्या माना संपतकडे वळल्या. चित्रात भागूच्या खांद्यामागे प्रयागबाई उभी होती, आणि तिचे डोळे तितकेच पिवळे होते. नुसतं बोट दाखवायचं होतं. 'तिच्या मागं बघा, काकूंचं डोळं बघा. चूक माझी हाय, मी टोपीवर पांढरं घेतलं.' दोन वाक्यं. पण ओसरीवर राजुरीचे होते, बेल्ह्याचे होते, आळ्याचे होते. फाल्गुन-चैत्राच्या तारखा तिथल्याच घरांनी दिल्या होत्या. रंगाचा माणूस म्हणून ज्याला बोलवायचं, त्यानेच अख्खं लग्न पिवळं करून ठेवलं आणि दीड वर्ष गप्प बसला, हे उद्या एसटी स्टँडवर चघळलं गेलं असतं. आणि बाकीचे कॅमेरेवाले, ज्यांना तो माकडं म्हणायचा, त्यांनी तर वाजतगाजत सांगितलं असतं.

संपत खाकरला. "उजेडाचाबी असतो काही दोष," तो म्हणाला. "मांडवात कसं, रंग इकडंतिकडं व्हतो. आता नक्की असं न्हाई सांगता येत."

"म्हंजी आजारी असंलबी?" चुलत्याने विचारलं.

"ते मी कसं सांगणार? मी काय डॉक्टर हाय का?"

दोघं-तिघं हसले. हौशीराम हसला नाही. तो संपतकडे बघत राहिला, रागाने नव्हे, एखाद्याला ओळखायला चूक झाली की बघतात तसा. मग त्याने टोपी नीट केली आणि उठला. बैठक मोडली.

भ्याड माणसाला झोप लागत नाही असं म्हणतात, ते काही खरं नाही. संपतला चांगली झोप लागत होती. त्रास व्हायचा तो दिवसा, दुकानात, हाताला काम नसताना. हौशीरामचं ते बघणं आठवायचं. फाल्गुनात एकदा त्याने आपल्याकडची मूळ कॅसेट काढली आणि सगळं लग्न पुन्हा बघितलं. तीन तास. मग गाडीला किक मारून तो राजुरीला प्रयागबाईकडे गेला. ओसरीवर ती एकटीच वाती वळत बसली होती.

"काकू, जरा टीव्ही लावू का?" म्हणून त्याने कॅसेट घातली. जिथे हवं तिथे थांबवली. "हे बघा. हा खंडू. ह्याचं डोळं बघा. ह्या तुमी. हा तुमचा दीर. सगळी पिवळी हायेत, काकू. पोरीला काय झालेलं नव्हतं. चूक माझी हाय. मी पांढरं चुकीचं घेतलं."

प्रयागबाईने वात पुरी वळली, ताटलीत ठेवली आणि दुसरा कापूस घेतला.

"मंग? नवीन काय सांगतो?" ती म्हणाली. "आमाला काय दिसत न्हाई व्हय? कॅसेट आली त्याच दिशी मी खंडूला म्हनलं, ह्या संपतनं आपल्या समद्यांना पार कावीळ करून ठेवली."

संपतने कॅसेट बाहेर काढली.

"माझ्या भावाशी तवा आमचा अबोला व्हता," प्रयागबाई शांतपणे सांगत राहिली. "तो आता मिटला. त्याची पोर हाय, धाकली. लहानपणापासनं खंडूच्या नावानं सांगितलेली. मंग मी काय करायचं? काय तरी कारन लागतं ना चार लोकात. देवानं कावीळ धाडली, अन् कॅसेट तर तूच दिली व्हतीस."

"पण त्या पोरीचं काय?"

"तिनं सही दिली की. सोडचिठ्ठीचा कागद मागल्या आठवड्यात आला. तिचा हात काय कुणी धरला नव्हता." मग तिने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "तू कशाला जिवाला लावून घेतो? तू बोलला असतास तरी आमी काय तिला नांदवनार नव्हतो. वैशाखात तारीख धरलीय. शूटिंग तुलाच करायचंय. लिहून घे."

आणि संपतने लिहून घेतली. खिशातली डायरी काढली, तारीख घातली, पुढे 'खंडू, राजुरी' असं लिहिलं. गाडीवर बसल्यावर तर त्याला चक्क हलकं वाटलं. म्हणजे आपल्यामुळे काही झालंच नव्हतं. आपण बोललो असतो तरी व्हायचं तेच होणार होतं. ठरवून बसलेल्या लोकांपुढे एका शूटिंगवाल्याच्या शब्दाला काय किंमत? मोठ्या रस्त्याला लागल्यावर तो जुन्नरकडे वळायचा, तो उलटा नगरकडे वळला. हौशीरामला हे सांगून टाकायचं, म्हणजे त्या बघण्यातून आपण सुटलो. स्वतःची सुटका करून घ्यायला निघालेल्या माणसाला आण्याचा घाटसुद्धा चढ वाटत नाही.

हौशीराम घरी नव्हता. भागू अंगणात सावलीला सुपात मठाचे दाणे निवडत बसली होती. अंग भरलेलं, चेहरा तजेलदार, डोळे स्वच्छ. तिने पोत्याची घडी टाकली, तांब्या आणून ठेवला. "दादा पारनेरला गेल्यात, भाऊ. सांजच्याला येतील."

संपतला थांबायचं नव्हतं. आणि खरं तर बापापेक्षा पोरीला सांगणं सोपं वाटलं. त्याने सगळं सांगितलं. कॅमेऱ्याला पांढरं कसं सांगावं लागतं, ते टोपीवर कसं घेतलं, आणि तुमच्या दादांच्या टोपीला नीळ लई होती म्हणून कसं सगळं पिवळं झालं. चूक कबूल करतानाही त्याने ती निम्मी टोपीवर ढकललीच.

"आईनं घातली व्हती," भागू म्हणाली. "टँकरच्या पान्यानं कपडं लाल पडत्यात." मग थोडा वेळ तिने सुपातले खडे बाजूला केले. "म्हंजी समद्यांचंच डोळं पिवळं हायेत?"

"समद्यांचं. खंडूचं, प्रयागकाकूंचं. जो माझ्या कॅमेऱ्यात आला तो पिवळा."

"अन् मी?"

"तू ठणठणीत व्हतीस. आन् हे त्यांनाबी पयल्यापासनं ठावं व्हतं. आज काकू माझ्या तोंडावर बोलल्या. भावाची पोर करायची व्हती त्यांना. तू मनाला लावून घिऊ नको. कुणी काय बी बोललं असतं तरी त्यांनी हेच केलं असतं."

हे बोलून झालं आणि संपत तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायला. आता उठायला हरकत नव्हती.

"दादा सही देऊ नको म्हनत व्हते," भागू म्हणाली. "मामाबी म्हनत व्हता. जुन्नरला कोर्टात जाऊ म्हनला. वकीलानं सांगितलं व्हतं, तू सही दिली न्हाईस तर त्यांना दुसरं लगीन करता येत न्हाई, नांदवावंच लागंल न्हाईतर पोटगी द्यावी लागंल. समदी माझ्या बाजूनं व्हती."

"मग दिली कशाला?"

तिने सूप खाली ठेवलं. "बैठकीवरनं दादा आले, तवा मी शेजारी जाऊन आमची कॅसेट लावली. एकटीनं बघितली. माझं डोळं बघितलं. मी दुसऱ्या कुणाकडं बघितलंच न्हाई, भाऊ, माझ्याकडंच बघत व्हते. मला तर लग्नात काय व्हत नव्हतं, चांगली हिंडत-फिरत व्हते. पन मनात आलं, असंल. आपल्याला कळलं नसंल. आतनं असंल काय तरी. आन् तुमालाबी इचारलं व्हतं, ज्यानं काढलं त्यालाच. तुमीबी न्हाई म्हनला न्हाईत. मंग मला वाटलं, आपनच लोकांना फसवलंय. बरं नसलेली पोर दिली आपन त्यांना. वर कोर्टात कुठं जायचं? म्हनून मी दादांचं ऐकलं न्हाई. मी सही दिली."

राजुरीत संपतच्या कॅसेटवर कुणाचाच विश्वास नव्हता. विश्वास ठेवणारी एकच होती, ती त्याच्यासमोर मठ निवडत होती.

"बैठकीच्या टायमाला," भागूने विचारलं, "तुमाला हे टोपीचं म्हाईत व्हतं?"

अजूनही खोटं बोलता आलं असतं. आज कॅसेट बघितली तेव्हा कळलं, असं म्हणता आलं असतं, आणि तिने तेही खरं मानलं असतं. तेवढं मात्र संपतच्याने झालं नाही.

"व्हतं," तो म्हणाला.

तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"मंग पंधरा दिस आदी यायचं व्हतं, भाऊ," ती म्हणाली.